प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाचा शेवट वर्गात व्हावा : विद्या परिषदेस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सन्माननीय सदस्य,
विद्या परिषद,
राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, नागपूर

विषय : महाविद्यालयीन अध्यापकांच्या व्यावसायिक विकासात वर्गनिरीक्षण, विषयनिहाय उजळणी आणि तासिका तत्त्वावरील अध्यापक यांना स्थान देण्याबाबत.

सन्माननीय सदस्यहो,

मी नागपूर जिल्ह्यातील एका अनुदानित महाविद्यालयात २००३ पासून अर्थशास्त्र शिकवते. रुजू झाले तेव्हा माझ्या पदाचे नाव अधिव्याख्याता होते, आज ते सहयोगी प्राध्यापक आहे. आणि या दोन नावांच्या दरम्यान मी एक उद्बोधन वर्ग, तीन उजळणी वर्ग आणि मोजणे सोडून दिले इतक्या लहानमोठ्या कार्यशाळा पूर्ण केल्या असून त्या सर्वांची प्रमाणपत्रे स्थाननिश्चितीच्या, म्हणजे वरच्या श्रेणीत जाण्याच्या, फाइलमध्ये तारखेच्या क्रमाने लावलेली आहेत. फाइल उघडणाऱ्याला माझा व्यावसायिक विकास यथासांग झालेला दिसेल. मात्र या सगळ्या वर्षांत मला प्रशिक्षण देणाऱ्या, माझी तपासणी करणाऱ्या किंवा मला वरच्या श्रेणीत नेणाऱ्या एकाही व्यवस्थेने मला माझ्या वर्गात शिकवताना पाहिलेले नाही. ही उणीव दूर झाल्याशिवाय प्रशिक्षणावर खर्च होणारा वेळ आणि पैसा विद्यार्थ्यांपर्यंत फारसा पोचणार नाही, असे माझे मत झाले आहे आणि ते आपल्यापुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्राथमिक शाळेत शिकवायचे तर शिक्षणशास्त्राची पदविका लागते, माध्यमिक शाळेत शिकवायचे तर बी.एड. लागते, आणि या दोन्ही अभ्यासक्रमांत सराव पाठ असतात. विद्यार्थी-शिक्षक पाठाचे टाचण लिहितो, पाठ घेतो, मागे बसलेला मार्गदर्शक त्यावर शेरा देतो आणि दुसऱ्या दिवशी तोच पाठ सुधारून पुन्हा घ्यावा लागतो. महाविद्यालयात शिकवण्यासाठी पदव्युत्तर पदवी आणि त्यावर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, नाहीतर पीएच.डी. लागते. नेट १९८९ पासून होत आहे आणि तिच्या पहिल्या पेपरमध्ये अध्यापनाविषयी प्रश्नही असतात. पण ते बहुपर्यायी असतात आणि योग्य पर्याय निवडता येणे म्हणजे वर्ग सांभाळता येणे नव्हे. पाचवीच्या मुलांपुढे उभे राहण्याआधी माणसाला कोणीतरी शिकवताना पाहावे, असे आपल्या समाजाने ठरवले. अठरा वर्षांच्या साठ-सत्तर मुलामुलींपुढे उभे राहणाऱ्याला मात्र विषय येतो म्हणजे शिकवताही येत असणार, असे गृहीत धरले. मला पहिल्या दिवशी हजेरीपट, खडूची पेटी आणि वेळापत्रकाची चिठ्ठी मिळाली. मी मग माझ्या सरांसारखी शिकवू लागले, म्हणजे टिपणे तयार करून ती सांगू लागले. माझे सर त्यांच्या सरांसारखे शिकवत असावेत.

रुजू झाल्यानंतर काय मोजले जाते तेही पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १८ जुलै २०१८ च्या विनियमांत महाविद्यालयीन अध्यापकाच्या अध्यापनाचे मूल्यमापन नेमून दिलेल्या तासिकांपैकी किती घेतल्या यावर ठरते : ८० टक्के किंवा त्याहून अधिक घेतल्या तर ‘चांगले’, ७० ते ८० च्या दरम्यान असल्यास ‘समाधानकारक’ आणि त्याखाली ‘असमाधानकारक’. अध्यापक वर्गात गेला की नाही हे विचारणे आवश्यकच आहे, आणि विदर्भातील काही महाविद्यालयांची स्थिती पाहता ते अधिक कसोशीने विचारायला हवे, हेही मी मान्य करते. पण आत गेल्यावर तिथे काय घडले याविषयी त्या तक्त्यात एक ओळही नाही. प्रशिक्षणाचेही तसेच आहे. उद्बोधन वर्ग २१ दिवसांचा, उजळणी वर्ग दोन आठवड्यांचा, त्याऐवजी काही टप्प्यांवर एकेका आठवड्याचे दोन कार्यक्रम किंवा ‘स्वयम्’सारख्या ऑनलाइन मंचावरील एखादा अभ्यासक्रम चालतो, मोजमाप मात्र दिवसांचे आणि प्रमाणपत्रांचे आहे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या आजवरच्या आराखड्यात सहाव्या निकषाखाली प्राध्यापकांच्या सक्षमीकरणाचा स्वतंत्र भाग आहे आणि तिथेही किती जणांनी किती कार्यक्रम केले याच्याच टक्केवारीची मागणी होते.

माझ्या अध्यापनात खरा बदल ज्या दिवशी झाला, तो कोणत्याही प्रशिक्षणाचा दिवस नव्हता. २०१४ मध्ये आमच्या महाविद्यालयात नॅकची तयारी चालू होती आणि स्टाफ रूममधील सर्व टेबलांवर फाइली मांडलेल्या होत्या, त्यामुळे प्राणिशास्त्राचे एक ज्येष्ठ सहकारी प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासायला जागा शोधत माझ्या बी.ए. प्रथम वर्षाच्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसले. मी मागणीची लवचिकता शिकवत होते. तासिका संपल्यावर चहा घेताना ते थोड्या संकोचाने म्हणाले, “मॅडम, राग मानू नका, पण तुम्ही आज नऊ प्रश्न विचारले आणि आठांची उत्तरं तुम्हीच देऊन टाकली. पोरांना तोंड उघडायला वेळच नाही मिळाला.” मला राग आलाच. दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यावर मात्र मी प्रश्न विचारून मनातल्या मनात आकडे मोजले आणि दोनच्या पुढे जाणे मला किती कठीण जाते ते कळले.

या प्रसंगातील मला सर्वांत बोचलेली गोष्ट पुढेच आहे. घरी जाऊन मी जुन्या उजळणी वर्गाची वही काढली, तर तिच्यात ‘प्रतीक्षा-काळ’ हा शब्द दोनदा अधोरेखित केलेला होता. अमेरिकेतील शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गातील संभाषणांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवले होते की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तोच अवधी तीन सेकंदांपर्यंत नेला तर उत्तरे लांबतात, अधिक मुले बोलू लागतात आणि ‘माहीत नाही’ म्हणणे कमी होते. हे मला एका चांगल्या व्याख्यात्याने सांगितले होते, मी ते लिहून घेतले होते, शेवटच्या चाचणीत त्यावरच्या प्रश्नाचे उत्तर बरोबर देऊन गुणही मिळवले होते. तरीही माझ्या वर्गात मी एक सेकंदच थांबत होते आणि आपण थांबत नाही हे मला ठाऊक नव्हते. जे मला चांगल्या प्रशिक्षणाने दिले नाही, ते वह्या तपासायला जागा न मिळालेल्या एका प्राणिशास्त्रज्ञाने दिले, कारण तो त्या खोलीत होता.

प्राणिशास्त्राच्या त्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विचारली. आमच्याकडे कारण आडव्या अक्षावर आणि परिणाम उभ्या अक्षावर घेतात, मग तुमच्याकडे किंमत उभ्या अक्षावर का, असा त्यांचा साधा प्रश्न होता. अर्थशास्त्रज्ञ मार्शल यांच्यापासून चालत आलेला हा अर्थशास्त्राचा प्रघात आहे, एवढे उत्तर मी देऊ शकले. पण शेजारी बसलेल्या दोन मुलींनी आपल्या वह्यांत दोन्ही अक्षांची नावे उलटी लिहिली होती हे त्यांनी पाहिले होते आणि मी अकरा वर्षांत कधीच पाहिले नव्हते. बारावीपर्यंत विज्ञान शिकून कलाशाखेत आलेल्या त्या मुली गणिताचा नियम पाळत होत्या. त्यांची चूक हुशारीतून झालेली होती आणि मी ती दरवर्षी उत्तरपत्रिकेत लाल शाईने कापत आले होते.

हा अनुभव अर्थशास्त्रापुरता नाही. प्रत्येक विषयाला असे काही खाचखळगे असतात आणि ते त्या विषयाच्या पुस्तकांत नसतात, शिकणाऱ्यांच्या डोक्यात असतात. संत्र्याचा आंबिया बहार बाजारात आला, नागपूरच्या कळमना बाजारात आवक वाढली, भाव उतरला आणि लोक अधिक संत्री घेऊ लागले, की काटोलकडून येणारी माझी विद्यार्थिनी म्हणते, ‘मॅडम, मागणी वाढली.’ रोजच्या मराठीत तिचे वाक्य अगदी बरोबर आहे. अर्थशास्त्रात मात्र हा मागणीचा विस्तार झाला. मागणीतील वृद्धी म्हणायची तर भाव तोच राहून, म्हणजे उत्पन्न, आवड किंवा दुसऱ्या वस्तूचा भाव बदलून, खरेदी वाढायला हवी. हा फरक पाठ्यपुस्तकात दोन व्याख्या देऊन संपतो आणि विद्यार्थी दोन्ही पाठ करतो. तो फरक कळमन्याच्या लिलावातून कसा उलगडावा, कोणता प्रश्न आधी विचारावा आणि कोणती आकृती मुद्दाम उशिरा काढावी, हे ज्ञान अर्थशास्त्राचेही नाही आणि सर्वसाधारण अध्यापनशास्त्राचेही नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये या ज्ञानाला वेगळे नाव देऊन ते विषयज्ञानापासून आणि अध्यापनतंत्रापासून निराळे असल्याचे मांडले, आणि त्याला आता चार दशके होत आली. आपल्या चारही जिल्ह्यांत अर्थशास्त्र शिकवणाऱ्या अध्यापकांनी एकत्र बसून, ‘तुमची मुले इथे कुठे अडतात?’ असे एकमेकांना विचारलेले मी कधी पाहिलेले नाही. आम्ही भेटतो ते मूल्यांकन केंद्रावर, आणि तिथे उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांविषयी बोलतो.

जुने सगळे चांगले होते, असे मला म्हणायचे नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर देशभर प्राध्यापकांना प्रशिक्षण देणारी अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजे उभी राहिली, २०१५ मध्ये त्यांची मानव संसाधन विकास केंद्रे झाली आणि ५ सप्टेंबर २०२३ रोजी मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाल्यावर त्यांच्यावर तिसरी पाटी लागली. मी २००५ मध्ये दुसऱ्या शहरातील एका केंद्रावर २८ दिवसांचा निवासी उद्बोधन वर्ग केला तेव्हा माझी मुलगी चौदा महिन्यांची होती आणि ती वर्ध्याला माझ्या आईकडे होती. त्या २८ दिवसांतील बहुतेक व्याख्याने मी विसरले आहे. लक्षात राहिली ती खोलीतील सोबतीण, मराठवाड्यातील संस्कृतची अधिव्याख्याती, जिच्या वर्गात तेव्हा चारच विद्यार्थी होते आणि जी त्या चौघांकडून रोज एक श्लोक एकमेकांना शिकवून घेत असे. तिचे ते ऐकून मी सत्तर जणांच्या वर्गात चार-चारांचे गट करायला लागले. पण असे शिकणे जेवणाच्या टेबलावर व्हावे आणि सभागृहात होऊ नये, ही काही व्यवस्थेची आखणी नव्हती. शिवाय घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असलेल्या अनेक सहकारी स्त्रियांनी निवासी वर्ग वर्षानुवर्षे पुढे ढकलला आणि त्यांची स्थाननिश्चिती तितकीच लांबली, हे मी जवळून पाहिले आहे.

म्हणून करोनाकाळापासून बहुतेक वर्ग ऑनलाइन झाले याचे मी स्वागतच केले होते. देवरी किंवा आमगावच्या महाविद्यालयातील अध्यापकाला आता नागपुरात खोली शोधावी लागत नाही, ही लहान गोष्ट नाही. तरीही या वर्गांत प्रत्यक्षात काय होते ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. कॅमेरा बंद असतो, हजेरीची लिंक आली की ती भरायची, मधल्या वेळेत स्वयंपाक, प्रवास किंवा मूल्यांकन उरकायचे आणि शेवटी बहुपर्यायी चाचणी द्यायची. परराज्यातील एका केंद्राच्या उजळणी वर्गाचे एक अख्खे सत्र मीही उत्तरपत्रिका तपासत ‘ऐकले’ आहे. हे लपवून आपल्याला पत्र लिहिण्यात अर्थ नाही. नवीन शैक्षणिक धोरणाच्या उद्बोधनासाठी मालवीय मिशनने जे आठ विषय नेमले आहेत, त्यांत भारतीय ज्ञानपरंपरा आहे, कौशल्यविकास आहे, शैक्षणिक नेतृत्व आणि प्रशासन आहे, संशोधन आहे, माहिती तंत्रज्ञान आहे, विद्यार्थ्यांतील विविधता आणि समावेशन आहे. सगळे महत्त्वाचेच आहेत. आपला विषय आपल्या विद्यार्थ्यांना कसा शिकवावा, हे मात्र या आठांपैकी एकाचेही नाव नाही.

आणि नेमके आता त्याची गरज अधिक आहे, कारण २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नव्या धोरणाची रचना लागू झाली आहे. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्यावसायिक कौशल्य, भारतीय ज्ञान प्रणाली, क्षेत्रीय प्रकल्प, ऑन द जॉब ट्रेनिंग ही नावे आमच्या वेळापत्रकात आली. त्यानिमित्त झालेल्या कार्यशाळांत आम्हाला श्रेयांकांचे तक्ते समजावण्यात आले आणि तेही आवश्यक होते. पण क्षेत्रीय प्रकल्पावर गेलेल्या वीस मुलांना काय पाहायला सांगायचे, परत आल्यावर त्यांनी आणलेल्या माहितीचे काय करायचे, यावर एक तासही बोलणे झाले नाही. नव्याने आलेले विषय बहुतेक ठिकाणी ज्याचा कार्यभार कमी पडतो त्याच्याकडे जातात, त्याला त्यातले काय येते हे पाहून नव्हे. हे आपल्याला कोणी लेखी कळवणार नाही.

अनुदान आयोगाच्या विनियमांत बदल करणे आपल्या हाती नाही, याची मला जाणीव आहे. पण विद्यापीठ स्वतः जे कार्यक्रम आखते, अभ्यास मंडळांमार्फत ज्या कार्यशाळा होतात आणि संलग्न महाविद्यालयांना ज्या सूचना जातात, त्या आपल्या अखत्यारीत आहेत. त्या मर्यादेत माझी मुख्य विनंती एकच आहे. विद्यापीठाच्या कोणत्याही प्रशिक्षण कार्यक्रमाचा शेवट चाचणीने किंवा समारोपाच्या भाषणाने होऊ नये. अध्यापकाने आपल्या महाविद्यालयात परत जाऊन त्याच सत्रात निदान दोन तासिका अशा घ्याव्यात, ज्यांना एक सहकारी शेवटच्या बाकावर बसलेला असेल. त्या सहकाऱ्याने काय पाहिले ते दोघांनी अर्धा तास बोलावे, नंतर जागा बदलाव्यात, आणि हे घडल्यावरच कार्यक्रम पूर्ण झाल्याची नोंद व्हावी. निरीक्षक अध्यापकाने स्वतः निवडावा. दोन तासिकांपैकी एकीला स्वतःच्या विषयाचा आणि दुसरीला परक्या विषयाचा सहकारी असेल तर उत्तम, कारण परक्या विषयाच्या माणसाला अक्ष उलटे का, हे विचारायला लाज वाटत नाही.

या विनंतीत एक धोका आहे आणि तो मी आपल्यापेक्षा कमी ओळखत नाही. आपल्याकडे वर्गनिरीक्षण म्हटले की प्राचार्य किंवा संस्थेचे पदाधिकारी दारात उभे राहून वही काढतात, असे चित्र डोळ्यांपुढे येते, आणि नको असलेल्या अध्यापकाविरुद्ध कागद जमवण्याचे ते साधन होऊ शकते. म्हणून निरीक्षणाचे टिपण त्या दोघांपुरतेच राहावे; ते प्राचार्यांकडे, संस्थेकडे किंवा स्थाननिश्चितीच्या फाइलमध्ये जाऊ नये; निरीक्षण झाले एवढीच नोंद, दोघांच्या सह्यांसह, कळवली जावी. त्या टिपणात काय लिहिले हे मागण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे विद्यापीठाच्या परिपत्रकात स्पष्ट शब्दांत असेल तरच अध्यापक आपला खरा, रोजचा, अडखळणारा तास दाखवतील. नाहीतर पाहुणा येणार म्हणून सजवलेला एक नमुना पाठ होईल आणि आपल्या संग्रहात आणखी एक प्रमाणपत्र जमा होईल.

दोन-दोन मित्र एकमेकांच्या सह्या करून मोकळे होतील, असा आक्षेप येईल. काही ठिकाणी तसे होईलच. आजही लिंक भरून हजेरी लागते. त्याहून हे वाईट ठरणार नाही, आणि जे प्रामाणिकपणे बसतील त्यांच्या हाती तरी काही लागेल.

दुसरी विनंती विषयनिहाय उजळणीची आहे. ‘उजळणी’ हा शब्द मला आवडतो. पाटीवरचे पुसट झालेले पुन्हा गिरवणे असा त्याचा अर्थ आहे. नागपुरात ते गिरवण्यासाठी ज्या जागा आहेत, त्या देशातील फार थोड्या शहरांत एकत्र सापडतील. पर्यावरण रसायनशास्त्र शिकवणाऱ्याला नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, भूशास्त्राच्या अध्यापकाला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय आणि भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय आहे, भूगोलवाल्यांना महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, वनस्पतिशास्त्राला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि लिंबूवर्गीय फळांची संस्था आहे, मृदेचा अभ्यास करायचा तर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो अमरावती मार्गावरच आहे. आमच्या अर्थशास्त्राला कळमना बाजार समिती पुरेशी आहे. पहाटे पाचला तिथे उभे राहिल्यावर किंमतनिश्चितीवरचे प्रकरण नव्याने लिहावेसे वाटते. वनस्पतिशास्त्राच्या वीस अध्यापकांनी एक आठवडा कापसाच्या संस्थेत घालवावा आणि त्यातील शेवटचे दोन दिवस, पाहिलेले बी.एस्सी. द्वितीय वर्षाला कसे शिकवायचे, यावर घालवावेत, असा कार्यक्रम अभ्यास मंडळे आखू शकतील. नवा अभ्यासक्रम लागू होण्याआधी तो व्हावा. अभ्यासक्रम जूनमध्ये हाती येतो आणि त्यावरची कार्यशाळा जानेवारीत होते, हा क्रम उलटा करण्यासाठी कोणत्याही निधीची गरज नाही. शिक्षणशास्त्राच्या महाविद्यालयांतील सहकाऱ्यांनाही यात बोलवावे. सराव पाठ पाहण्याचा अनुभव शहरात एवढा साठलेला असताना आम्ही त्यांच्याकडे कधीच गेलो नाही, हा आमचाच करंटेपणा.

तिसरी गोष्ट लिहिताना मला संकोच वाटतो, कारण तिच्यात माझाही वाटा आहे. आमच्या महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या बऱ्याच तासिका गेली काही वर्षे एक तरुण सहकारी तासिका तत्त्वावर घेतो. तो सेट झालेला आहे, पीएच.डी. झालेला आहे, सकाळी आमच्याकडे आणि दुपारी दुसऱ्या गावातील महाविद्यालयात दुचाकीने जाऊन शिकवतो, आणि त्याची नेमणूक दरवर्षी सत्र सुरू झाल्यावर नव्याने होते. घेतलेल्या तासिकेचेच पैसे मिळत असल्याने प्रशिक्षणाला गेलेला प्रत्येक दिवस म्हणजे त्याला बुडालेली मजुरी आहे. त्याला स्थाननिश्चिती नाही, म्हणून प्रमाणपत्राची गरज नाही. कर्तव्य रजा नाही, म्हणून जाण्याची सोय नाही. आणि महाविद्यालयाच्या दृष्टीने तो मार्चनंतर असेलच असे नाही, म्हणून त्याच्यावर खर्च करण्याचे कारण नाही. प्रथम वर्षाचा वर्ग सर्वांत मोठा आणि सर्वांत अवघड असतो. खेड्यांतून आलेली, काही मराठीत, काही हिंदीत विचार करणारी, पुस्तकी भाषेला दबकणारी मुले तिथे असतात. आम्ही ज्येष्ठ मंडळी मात्र तृतीय वर्षाचे लहान वर्ग स्वतःकडे ठेवतो. वेळापत्रक करताना मीही तेच केले आहे. म्हणजे ज्यांना प्रशिक्षण मिळते त्यांच्याकडे थोडे विद्यार्थी आणि ज्यांच्याकडे खूप विद्यार्थी त्यांना प्रशिक्षण नाही.

पदभरती हा शासनाचा विषय आहे आणि त्यावर या पत्रात मी बोलणार नाही. पण विद्यापीठाच्या कार्यक्रमात बसलेला प्रत्येक तास तासिका तत्त्वावरील अध्यापकाच्या देयकात अध्यापनाचा तास म्हणून धरता यावा, यासाठी विद्यापीठाने उच्च शिक्षण विभागाकडे प्रस्ताव पाठवावा, आणि तो मंजूर होईपर्यंत निदान आपल्या स्वतःच्या कार्यशाळांत त्यांना प्रवास खर्च आणि मानधन द्यावे, ही माझी आग्रहाची मागणी आहे. निरीक्षणाच्या जोड्यांत त्यांना पूर्ण सदस्य म्हणून घ्यावे. त्यांनी आमचे वर्ग पाहावेत, आम्ही त्यांचे. माझा अनुभव असा की त्यांच्याकडून शिकण्यासारखे अधिक असते, कारण टिपणे सांगून वर्ग शांत ठेवण्याइतका अधिकार त्यांच्याजवळ नसतो आणि म्हणून त्यांना मुलांशी बोलावे लागते.

वेळेविषयी थोडक्यात. परीक्षा आणि मूल्यांकन चालू असताना कार्यक्रम ठेवू नयेत, आणि मे महिन्यात नागपुरात दुपारच्या सत्राला सभागृहात बसलेला माणूस काहीही शिकत नसतो, हे शतक ओलांडलेल्या विद्यापीठाला मी सांगायला नको.

हे सर्व कागदावरच लिहिते आहे असे वाटू नये म्हणून एवढे नमूद करते की गेल्या सत्रात आम्ही सहा जणांनी आमच्या महाविद्यालयात अशा तीन जोड्या केल्या. एक जोडी महिन्याभरात मोडली, कारण एका सहकाऱ्याला दुसऱ्याचे बोलणे लागले आणि मी मध्ये पडूनही ते जुळले नाही. उरलेल्या दोन चालल्या. इतिहासाच्या सहकारी बाईंच्या लक्षात आले की त्या फळ्याच्या डाव्या बाजूच्या मुलींकडेच पाहून बोलतात; वाणिज्यच्या सरांनी ताळेबंद शिकवताना आधी चुकलेला ताळेबंद द्यायला सुरुवात केली आणि चूक शोधायला वर्गाला दहा मिनिटे दिली. माझ्याविषयी माझ्या जोडीदाराने लिहिले की मी आता प्रश्न विचारून थांबते खरी, पण थांबताना मुलांकडे न पाहता खिडकीबाहेर पाहते.

यासाठी आम्हाला निधी लागला नाही. अडचण आली ती एकाच ठिकाणी : दुसऱ्याच्या वर्गात बसलेली तासिका आमच्या दैनंदिनीत कुठे लिहायची हे कोणाला सांगता येईना. सहायक प्राध्यापकाचा प्रत्यक्ष अध्यापनाचा कार्यभार आठवड्याला १६ तासांचा आणि सहयोगी प्राध्यापकाचा १४ तासांचा असतो. त्या आकड्यांना हात न लावता, उरलेल्या कामाच्या तासांत महिन्याला दोन तासिका ‘सहअध्यापक निरीक्षण’ या नावाने नोंदवता याव्यात, एवढे एक परिपत्रक विद्यापीठाने काढले, तर पुढच्या सत्रात आमच्याकडे पाच जोड्या तयार आहेत आणि शेजारच्या दोन महाविद्यालयांनीही विचारणा केली आहे. विद्या परिषदेच्या येत्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा आणि परिपत्रकाचा मसुदा करण्यासाठी जी समिती नेमाल तिच्यात तासिका तत्त्वावर काम करणारे निदान दोन अध्यापक असावेत, ही विनंती.

आपली विश्वासू,
अर्थशास्त्राची एक सहयोगी प्राध्यापक,
नागपूर